नारळाचं जहाज

माझ्या आयुष्यातला पहिला कॉम्प्युटर लाल होता. कारखान्यातून तो इतरांसारखा पांढराच निघाला होता. पण सरांचा कॉम्प्युटरचा क्लास लालबागच्या एका चाळीत, पहिल्या मजल्यावर, त्यांच्या राहत्या घरातच, आणि त्याच्या बरोब्बर खाली मिरची-मसाला कांडायची गिरणी. उन्हाळा लागला की गिरणीला श्वास घ्यायला फुरसत नसे आणि आम्हाला श्वास घेता येत नसे. कीबोर्ड उलटा करून झटकला तर एका वेळच्या आमटीपुरतं तिखट निघतं, असं सरांच्या बायकोचं म्हणणं होतं. त्यांना आम्ही काकी म्हणायचो. त्या ते तिखट खरोखर वापरत होत्या का, हे विचारायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती. त्यांच्या हातची आमटी मात्र सगळ्यांनी खाल्ली आहे.

"शिंक आली तर आधी सेव्ह करायचं, मग शिंकायचं." हा सरांचा पहिला धडा. आज मी लोअर परळच्या एका चकचकीत ऑफिसात बसते, तिथे हवासुद्धा गाळून देतात. तरी नाकात हुळहुळलं की माझी दोन बोटं आपोआप सेव्हच्या बटणांवर जातात.

सर मूळचे मालवणकडचे. कापडाच्या मिलमध्ये टाइम ऑफिसात होते, म्हणजे कोण किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर पडला हे बघणं हे त्यांचं काम. मिल बंद पडली तेव्हा बरोबरीच्या लोकांपैकी कोणी वडापावची गाडी टाकली, कोणी गाव गाठलं. सरांनी कॉम्प्युटर घेतले. कारण विचारलं तर म्हणायचे, "मशीनला माणूस लागतो आणि माणसाला वेळ सांगणारा लागतो." त्यांचं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला असे, आणि विद्यार्थी दोन मिनिटं उशिरा आला की ते मनगट असं काही उलटवून बघत की पुढच्या दिवशी पोरगं जिन्यातच धावत यायचं. कॉम्प्युटर "बंद कर" असं ते कधी म्हणत नसत. "आता त्याला घरी पाठव," म्हणत.

क्लासमध्ये सर शुद्ध मराठी बोलायचे. मालवणी तीनच प्रसंगी बाहेर पडायची: राग, काकी आणि अंतराळ.

या अंतराळाबद्दल सांगायला हवं. कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या माणसाने एका मशीनमध्ये टाइमपास म्हणून एक खेळ फुकट टाकून दिला होता. काळ्या पडद्यावर चांदण्या पसरलेल्या. त्यातला एक ग्रह आपला. तिथून जहाजं पाठवायची, रिकाम्या ग्रहांवर माणसं वसवायची, कारखाने काढायचे आणि माशाच्या, किड्याच्या तोंडाच्या शेजाऱ्यांशी लढायचं किंवा जमवून घ्यायचं. आपलं काम झालं की एक बटण दाबायचं, मग बाकीचे आपापली खेळी करणार. सरांना हा खेळ आहे हे कधी पटलंच नाही. त्यांच्या मते ते व्यवस्थापनाचं सॉफ्टवेअर होतं आणि बनवणाऱ्यांनी उगाच त्याला तारे चिकटवले होते.

खेळातल्या इंग्रजी शब्दांचा सरांनी आपल्यापुरता बंदोबस्त केला होता. 'कॉलनी' या शब्दाला तर भाषांतराचीही गरज नव्हती. कॉलनी म्हणजे दादर-माटुंग्याला असते ती, लोक राहतात ती. त्यामुळे नवा ग्रह सापडला की त्यांचा पहिला प्रश्न, "पाणी किती वाजता येतं?" शेजाऱ्यांशी करार करायचे चार-पाच प्रकार त्या खेळात होते. त्यातला 'आपण एकमेकांवर हल्ला करणार नाही, पण मैत्रीही नाही' असा जो प्रकार होता, त्याला सर 'बोलचाल बंद' म्हणत. चाळीत निम्म्या बिऱ्हाडांची उरलेल्या निम्म्यांशी तीच व्यवस्था असल्यामुळे आम्हाला तो करार समजावून सांगावा लागला नाही.

घोळ झाला तो 'टर्न' या शब्दाचा. टर्न म्हणजे पाळी, यात चूक काहीच नाही. मिलमध्ये पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी यांत ज्याचं आयुष्य गेलं, त्याला दुसरा शब्द सुचणार तरी कुठून? पण सर ते मोठ्याने बोलायचे. "पाळी संपली!" असं म्हणून बटण दाबायचे, की पलीकडच्या बाकावर टायपिंग करणाऱ्या आम्ही मुली माना खाली घालायचो. एकदा घाईत बटण दोनदा दाबलं गेलं आणि सर कपाळावर हात मारून ओरडले, "अरे देवा, माझी पाळी चुकली!" नेमक्या त्याच वेळी काकी चहा घेऊन दारात आल्या होत्या. चहा तसाच परत गेला.

पाळी संपली म्हणजे भोंगा झाला पाहिजे. मिलचा भोंगा गेला होता, म्हणून सर तो तोंडाने करायचे. सुरुवातीला बारीक, मग चढत जाणारा, आणि शेवटी लांबवर ओढलेला 'भोंऽऽऽ'. मसाल्याच्या गिरणीतल्या बायका त्या आवाजावर जेवायला उठायच्या असं ऐकलंय. काकींना त्याचा भयंकर राग. "मिल बंद पडली, पण ह्यांचो भोंगो काय बंद पडूक नाय," हे वाक्य मी स्वयंपाकघरातून इतक्यांदा ऐकलंय की त्या चाळीची आठवण आली की आधी ते ऐकू येतं.

पण सरांचं खरं रूप दिसायचं ते राखणदारापाशी.

त्या चांदण्यांच्या बरोब्बर मधोमध एक ग्रह होता. सगळ्यांत सुंदर, सगळ्यांत सुपीक. आणि त्याच्यावर पहारा देत एक अजस्र जहाज उभं. खेळात त्याचं नाव 'गार्डियन'. जगातला कुठलाही माणूस हा खेळ खेळतो तो एवढ्यासाठीच, की फौज जमवायची, गार्डियनला फोडायचं आणि तो ग्रह बळकावायचा. सरांनी शब्द वाचला, मनातल्या मनात त्याचा अर्थ लावला आणि हात जोडले. गार्डियन म्हणजे राखणदार.

कोकणातल्या माणसाला राखणदार काय हे सांगावं लागत नाही. बांधावर असतो, वडाखाली असतो, विहिरीपाशी असतो. जागा त्याची, आपण नंतर आलेले. घर बांधायचं, विहीर खणायची, तर आधी त्याला नारळ द्यायचा आणि विचारायचं. सरांच्या चाळीचाही एक होता. अंगणात नळाशेजारी उंबराखाली शेंदूर लावलेला दगड. दर वर्षी सगळी चाळ त्याच्यापुढे उभी राहायची आणि सर गाऱ्हाणं घालायचे. ते देवाला मोठ्याने सगळं सांगत, आणि प्रत्येक वाक्यामागून आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होकार भरायचो.

तर सर दर अमावास्येला त्या खेळातल्या राखणदाराकडे एक जहाज पाठवायचे. बिनतोफेचं, एकटं. त्याला ते नारळाचं जहाज म्हणायचे. आधी पडद्यासमोर उभं राहून छोटं गाऱ्हाणं, त्यात आम्ही हातातलं टायपिंग सोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं, आणि मग भोंगा. जहाज हळूहळू मधोमध पोचायचं. राखणदार एक लाल किरण सोडायचा. जहाजाची राख व्हायची.

सर शांतपणे खुर्चीत बसायचे. "अजून त्याच्या मनात नाय," म्हणायचे.

"सर, पण त्या जहाजातल्या माणसांचं काय?" मी एकदा विचारलं.

सरांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी हिशेबात मूलभूत चूक केली होती. "नारळ फुटता तेव्हा नारळाक कोण इचारता?"

या सगळ्याची आम्हाला गंमत वाटायची. गंमत नाही, हे कळलं ते नितीनमुळे. हा आमच्याच बॅचचा, हुशार आणि आगाऊ, दोन्ही सारख्याच प्रमाणात. सर गावी लग्नाला गेले होते आणि क्लासची किल्ली त्याच्याकडे होती. सरांचंच राज्य उघडून त्याने दोन दिवसांत सगळे कारखाने तोफांना जुंपले आणि राखणदार फोडला. पडद्यावर आतषबाजी झाली, विजयाची अक्षरं आली. नितीनने ते तसंच चालू ठेवलं. त्याला वाटलं, सर खूश होतील. इतकी वर्षं जमलं नाही ते आयतं मिळालं.

सर आले. चप्पल काढली, पडद्याकडे बघितलं आणि परत चप्पल घातली. खाली जाऊन नारळ घेऊन आले. तो नळाशेजारच्या दगडापुढे फोडला. वर येऊन त्यांनी ते अख्खं राज्य, सगळ्या कॉलन्यांसकट, पुसून टाकलं आणि पहिल्या पाळीपासून सुरुवात केली. नितीनला ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "मारून घेतलेली जागा लाभाची नाय. आपण मारूक नाय इलंव, इचारूक इलंव." दुसऱ्या दिवशी ते मशीन ठप्प झालं. उघडलं तेव्हा आत पंख्याभोवती तिखटाचा जाड थर निघाला. सरांनी नितीनकडे एक नजर टाकली, आणि त्या थराचं खापर मिरचीवर फोडायची आमच्यापैकी कोणाची छाती झाली नाही.

पुढे घरोघर कॉम्प्युटर आले आणि क्लास आपोआप थंडावला. मी नोकरीला लागले, लग्न करून माटुंग्याला आले. नवरा पुण्याचा, त्यामुळे घरात भाषा शुद्ध आणि आमटी गोड.

आणि परवा, ऑफिसात जेवायच्या सुट्टीत, लॅपटॉपवर तो खेळ समोर आला. तोच. नव्या मशीनवर चालेल असा करून पुन्हा बाजारात आणलेला, रंग नवे, बाकी सगळं जुनं. मी डाउनलोड केला. रविवारी सकाळी घरी उघडला, तीच काळी रात्र, त्याच चांदण्या. मी जोरात शिंकले. माटुंग्याच्या पाचव्या मजल्यावर, मिरचीचा कण नसताना. मग इतकी रमले की तासाभराने नवरा खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"तू आत्ता 'पाळी संपली' असं ओरडलीस का?"

"खेळातली," मी म्हटलं.

"आणि तो आवाज कसला होता?"

भोंगा पुणेकराला समजावता येत नाही. माझी फौज तयार होती, तोफा होत्या, राखणदार समोर होता. मला बटण दाबता येईना. शेवटी मी लॅपटॉप मिटला आणि काकींना फोन लावला. म्हटलं, सरांना दाखवते, खूश होतील.

"तू येच," काकी म्हणाल्या. "ये आणि ह्या म्हाताऱ्याक समजाव. माझ्या हाताभायर गेलो तो."

प्रकरण असं होतं. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. सगळी बिऱ्हाडं नव्या घरात जाऊन झाली होती, दारांना तोरणं लागून सुकलीसुद्धा होती. राहिले होते फक्त सर आणि काकी, कॉटन ग्रीनच्या भाड्याच्या खोलीत, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या. काकींचे गुडघे गेलेले. एकदा खाली उतरल्या की वर यायला अर्धी सकाळ, म्हणून त्या खाली उतरणंच सोडून बसल्या होत्या. खोलीच्या मालकाला महिनाअखेर खोली रिकामी हवी होती. नव्या घराची किल्ली देव्हाऱ्यात होती. आणि सर जायला तयार नव्हते.

कारण राखणदार. बांधकामाच्या वेळी उंबर तोडला आणि तो दगड उचलून बिल्डरच्या लोकांनी पार्किंगमध्ये ठेवला. चांगला संगमरवराचा कोनाडा केला, काचेचं दार लावलं, वर दिव्यांची माळ सोडली. सरांचा प्रश्न एकच होता: त्याला कोणी विचारलं का? त्याला तिथे राहायचंय का? आणि तो खूश नसेल तर त्याच्या डोक्यावर एकविसाव्या मजल्यावर आपण झोपायचं कसं?

अशा वेळी कोकणात कौल लावतात. देवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना तांदळाचे दाणे चिकटवायचे आणि गाऱ्हाणं घालून वाट बघायची. उजवीकडचा दाणा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. सरांनी गावच्या गुरवाला फोन केला. गुरव म्हणाला, माझा देव गावचा, त्याला मुंबईच्या पार्किंगचं काय विचारू? मग सर स्वतःच गेले आणि त्यांनी स्वतः दाणे लावले. तेवढ्यात मागून एका गाडीने हॉर्न दिला आणि दोन्हीकडचे दाणे एकदमच पडले. तेव्हापासून गाडं अडलं होतं.

त्याच दुपारी मी गेले तेव्हा खोलीभर गाठोडी बांधलेली होती. बसायलाही गाठोडंच मिळालं. सर वाळले होते, पण घड्याळ मनगटाच्या आतच होतं, आणि मी आत येताच ते उलटवून बघितलं गेलं.

"चारचा बोलली होतंस," सर म्हणाले.

मी लॅपटॉप उघडला. सरांनी सवयीने खांद्यावरच्या पंच्याने कीबोर्ड पुसला आणि वास घेतला. "कसलोच वास नाय," म्हणाले. त्यांना ते फारसं पसंत पडलं नाही. पण चांदण्या उगवल्या तसे ते पुढे सरकले. चष्मा वर गेला, खाली आला. पहिली कॉलनी काढली, पाणी किती वाजता येतं ते विचारलं, माशाच्या तोंडाच्या शेजाऱ्याशी बोलचाल बंद केली. भोंगा पहिल्या पाळीला जरा खरखरला, दुसऱ्या पाळीपासून मोकळा झाला. काकींनी कपाळाला हात लावला, पण मी बघितलं, त्या हसत होत्या.

मग नकाशाचा मधला भाग उजळला आणि सर थांबले.

"तो आसा मा अजून?"

"आहे, सर."

सर उठले. हातपाय धुऊन आले, डोक्यावर टोपी घातली. "तांदूळ दोन्हीकडचे एकदम पडले," ते काकींना म्हणाले. "आता ह्यो काय बोलता ता बघूया. ह्येना आत घेतल्यान तर आपण जावया. नाय घेतल्यान तर मी हयच मरतलंय."

काकींचा चेहरा पडला. त्यांनी माझा हात धरून मला मोरीकडे ओढलं. "कित्याक आणलंस गो ता मशीन?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "आजपर्यंत एक तरी जहाज परत इला काय? आता ह्यो हयच मरतलो आणि माका पण हयच मारतलो."

म्हाताऱ्याचं मन रमवायला म्हणून आले होते आणि मी त्याला नकाराचं यंत्रच आणून दिलं होतं. मी म्हटलं, "सर, बॅटरी संपत आलीय, पुढच्या रविवारी बघू." सरांनी पडद्याच्या कोपऱ्यातला बॅटरीचा आकडा बोटाने दाखवला. ज्याने आयुष्यभर लोकांच्या खोट्या सबबी ऐकल्या, त्याच्याशी गाठ होती.

"बा राखणदारा म्हाराजा," सरांनी हात जोडले. "आज ह्यो तुझो लेकरू तुझ्या दारात उभो आसा."

"व्हय म्हाराजा," मी आणि काकी म्हणालो. काकींचा आवाज नुसता ओठांत होता.

"तुका कोणी न इचारता तुझी जागा हलवली, ह्यात आमची चूक आसात तर पदरात घे."

"व्हय म्हाराजा."

"पण उत्तर काय ता एकदाचा दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," या वेळी काकी मोठ्याने म्हणाल्या.

भोंगा झाला. जहाज निघालं. पाळीमागून पाळी ते पुढे सरकत होतं आणि मी मनातल्या मनात महिनाअखेर मोजत होते. जहाज मधोमध पोचलं. राखणदार तसाच अजस्र, तसाच काळा. मी डोळे मिटले, कारण तो लाल किरण मला पाठ होता.

काहीच ऐकू आलं नाही. डोळे उघडले तर जहाज ग्रहाजवळ उभं होतं. राखणदार उभा होता. दोघं शेजारी शेजारी, पाहुणा आल्यावर घरधनी ओटीवर येऊन उभा राहतो तसे. सरांनी आणखी एक पाळी संपवली. जहाज तिथेच होतं.

सरांनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्याचं खापर फोडायला खाली मिरचीही नव्हती.

"उजवो," ते म्हणाले. "उजवो कौल दिल्यान." मग टोपी काढून काकींकडे वळले. "सामान बांध."

"बांधूनच आसा," काकी म्हणाल्या. "आठ महिने."

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण सोमवारी ऑफिसात मी हा किस्सा माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाला सांगितला. तो असले जुने खेळ शोधशोधून खेळतो. तो पूर्ण ऐकायलाही थांबला नाही. "अगं, तो बग होता ना. ओरिजिनलमध्ये गार्डियन सगळ्यांनाच उडवायचा. खरं तर बिनहत्यारी जहाजाला सोडायचं, असंच डिझाइन होतं, पण कोडमध्ये कोणीतरी लोचा केला. री-रिलीजमध्ये फिक्स केलाय. कोणाला कळलंपण नव्हतं इतकी वर्षं. बिनहत्यारी जहाज पाठवेल कोण तिकडे?"

मला माहीत होतं ना, कोण पाठवेल ते.

आता सांगायचं की नाही? गृहप्रवेश गुरुवारी होता. सांगितलं आणि म्हातारा परत गाठोड्यावर बसला तर काकी मला जन्मात क्षमा करणार नाहीत. नाही सांगितलं तर ज्याने आम्हाला 'आधी सेव्ह, मग शिंक' शिकवलं, त्याला मी फसवल्यासारखं होणार. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. बुधवारी संध्याकाळी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.



"चूक कोणाची?" सरांनी विचारलं.

"प्रोग्राम लिहिणाऱ्यांची, सर."

"राखणदाराची न्हय?"

"नाही. त्याने सोडायचं असंच ठरलं होतं. पहिल्यापासून."

"म्हणजे त्याच्या मनात होता," सर म्हणाले. "मधल्या माणसांनी निरोप चुकीचो दिलो."

"हो, सर." माझा जीव भांड्यात पडला.

मी फोन ठेवायच्या बेतात होते.

"मग माझी जहाजां?" सरांचा आवाज एकदम बारीक झाला. "इतकी वर्सां, दर अवसेक एक. ती काय म्हणान फुटली?"

नारळाक कोण इचारता, हे त्यांचंच वाक्य होतं, पण ते त्यांना ऐकवण्याइतकी मी नितीन नव्हते. सरांनी फोन ठेवला. उद्या ते येतील की नाही, हे विचारायचंही राहून गेलं.

गुरुवारी मी रजा टाकून लालबागला गेले. टॉवरच्या पार्किंगमध्ये जुनी चाळ जमली होती. खाली मसाल्याची गिरणी नव्हती, पण समोरच्या गल्लीतून तिखटाचा वास येत होता आणि मला बरं वाटलं. टॅक्सी आली. आधी काकी उतरल्या, मग गाठोडी आणि सगळ्यांत शेवटी सर, हातात नारळ घेऊन. कोणाशी न बोलता ते काचेच्या कोनाड्यापाशी गेले, दार उघडलं आणि टोपी घातली. सगळे मागे गोळा झाले. वॉचमनही आला.

"बा राखणदारा म्हाराजा, आज आम्ही तुझ्या पायाशी ऱ्हवाक इलंव."

"व्हय म्हाराजा."

"ह्या पार्किंगात तुका गाड्यांचो धूर लागता, हॉर्नाचो तरास होता, तो गोड मानून घे."

"व्हय म्हाराजा."

सर थांबले. नारळ हातात तसाच.

"आणि म्हाराजा, तुझ्या वाटेर आमची जी काय जहाजां फुटली, त्यांत त्यांची चूक नव्हती. तुझी पण नव्हती. मी त्यांका कधी इचारूक नाय, ती चूक माझी. ती माणसां खय आसतीत थंय त्यांका एक एक खोली मिळांदे रे म्हाराजा. पाण्याची सोय आसलेली."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. "गोदीत होते काय हे?" माझ्यामागच्या नव्या सुनेने कोणालातरी हळूच विचारलं. पण गाऱ्हाण्याला होकार भरायचा असतो, अर्थ विचारायचा नसतो. सगळी चाळ एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणाली. वॉचमन आजमगढचा होता, तोही म्हणाला. मीही म्हटलं.

नारळ फुटला. मात्र सर जागचे हलेनात. हात जोडून, डोळे मिटून उभेच. त्यांच्याआधी वर कोण जाणार? पाच मिनिटं गेली. लिफ्ट दोनदा उघडली आणि मिटली. कोणीतरी "सर" म्हणून हाक मारली, ती त्यांच्यापर्यंत पोचली नाही.

काकी लिफ्टच्या दारात उभ्या होत्या, एक हात गुडघ्यावर, दुसऱ्यात देव्हाऱ्यातले देव. त्यांनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग छाती भरून श्वास घेतला, आणि सुरुवातीला बारीक, मग चढत जाणारा, शेवटी साऱ्या पार्किंगभर ओढलेला भोंगा दिला.

सरांनी मनगट उलटवून घड्याळ बघितलं आणि निघाले.